बारा अक्षरांची खिडकी

संगणक म्हटले की विज्ञान शाखेची प्रयोगशाळा, नाही तर तालुक्याच्या ठिकाणचे सेतू केंद्र आपल्या डोळ्यांसमोर येते. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा आणि संगणकाचा संबंध परीक्षेचा अर्ज भरण्यापुरता व निकाल पाहण्यापुरता, अशीच आपली सर्वांची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे मला एका जुन्या, खिशात मावणाऱ्या यंत्राने दाखवले. त्या यंत्राची ओळख करून देणे, ते कसे चालते हे सांगणे आणि आजच्या दिवसांत त्याचा उपयोग तरी काय, या साहजिक प्रश्नाचे उत्तर शोधणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यंत्राची ओळख

यंत्राचे नाव कॅसिओ पीबी-१००. जपानच्या कॅसिओ कंपनीने ते १९८० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणले. त्याचे उत्पादन बंद होऊनही आता कित्येक वर्षे लोटली. आमच्याकडे ते माझ्या आईच्या चुलतभावाकडून आले. हे मामा पाटबंधारे खात्यात नोकरीस होते आणि मोजणीच्या आकडेमोडीसाठी त्यांनी ते घेतले होते. निवृत्तीनंतर ते कपाटात पडून राहिले. मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा, "घरात कॉलेजात जाणारी तू पहिलीच, हे तुझ्याजवळ असू दे," असे म्हणून त्यांनी ते मला दिले. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. ती शब्दकोश जवळ घेऊन वाचावी लागली.

दिसायला हे यंत्र लांबट गणकयंत्रासारखेच आहे. लांबी एका वितीहून कमी. डाव्या बाजूस टंकलेखन यंत्राप्रमाणे रोमन अक्षरांच्या कळा आणि उजव्या बाजूस अंकांच्या. वरच्या अंगाला एक अरुंद काचेची पट्टी आहे. तीत एका वेळी फक्त बारा अक्षरे दिसतात. तेराव्या अक्षराला जागा नाही. ते आले की पहिले अक्षर डावीकडे सरकून दिसेनासे होते. लांब ओळ वाचायची म्हणजे आगगाडीच्या डब्यांकडे फटीतून पाहावे, तसा प्रकार होतो.

आत स्मृती आहे ती केवळ एक किलोबाइट, म्हणजे १०२४ बाइट. त्यातील काही भाग यंत्र स्वतःच्या कामासाठी ठेवते. काही भाग ए पासून झेड पर्यंतच्या सव्वीस कप्प्यांना जातो. या कप्प्यांना 'चल' म्हणतात, कारण त्यांतील किंमत बदलू शकते. प्रत्येक कप्प्याला आठ बाइट लागतात. हे सर्व वजा जाता वापरणाऱ्याच्या वाट्याला ५४४ पायऱ्या उरतात. ही संख्या किती लहान आहे हे समजण्यासाठी असे पाहा. आजच्या प्रचलित पद्धतीने देवनागरीतील एकेक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात. म्हणजे या परिच्छेदातील दोन-तीन वाक्ये जरी त्यात ठेवू म्हटले, तरी यंत्र भरून जाईल. पण या ५४४ पायऱ्यांत काय काय करता येते, हेच तर पाहण्यासारखे आहे.

विजेसाठी दोन चपटे सेल लागतात. ते सीआर २०३२ या नावाने घड्याळाच्या दुकानात आजही सहज मिळतात. काही मिनिटे कळ दाबली नाही तर यंत्र आपोआप झोपी जाते, पण लिहिलेले विसरत नाही. सेल काढले की मात्र सारे पुसले जाते. त्या काळी कंपनी एक जोडयंत्र विकत असे. त्याच्या साहाय्याने लिहिलेली आज्ञावली गाण्याच्या कॅसेटवर साठविता येई. माझ्याकडे ते नाही. म्हणून प्रत्येक आज्ञावली मी आधी दोनशे पानी वहीत लिहिते आणि मग यंत्रात उतरविते. यंत्राची खरी स्मृती माझ्या वहीत आहे असे म्हटले तरी चालेल.

त्याची भाषा

हातात धरून ज्याला आज्ञावली देता येते अशी यंत्रे याच्या आधीही होती. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे एचपी-६५ हे यंत्र १९७४ मध्ये आले. त्याची आज्ञावली लहानशा चुंबकीय पट्टीवर साठविता येत असे. १९७५ साली अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्या अवकाशयानांची अंतराळात जोडणी झाली, तेव्हा अमेरिकन अंतराळवीरांजवळ हे यंत्र होते. पुढे १९८० मध्ये शार्प कंपनीचे पीसी-१२११ आले आणि 'बेसिक' ही संगणकाची भाषा प्रथमच खिशात आली. पीबी-१०० हे त्याच वाटेवरचे. त्याचीही भाषा बेसिकच.

या बेसिकची जन्मकथा आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी ती तयार केली. तोपर्यंत संगणक वापरीत ते बहुतांशी शास्त्रज्ञ आणि अभियंते. या दोघांचा आग्रह असा की, साहित्य, इतिहास आणि समाजशास्त्र शिकणाऱ्यांनाही संगणकाशी बोलता आले पाहिजे. कारण उद्या समाजाचे निर्णय घेणाऱ्यांत हेही असणार. म्हणून त्यांनी मोजके, रोजच्या इंग्रजीतील शब्द घेऊन ही भाषा रचली. तात्पर्य, बेसिक आपल्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच जन्मास आली. आपल्या देशातही १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने निवडक शाळांमध्ये 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना सुरू केली, तेव्हा मुले शिकत ती हीच भाषा.

आता तिचे शब्द पाहू. 'इनपुट' म्हणजे वापरणाऱ्याकडून आकडा मागून घे. 'प्रिंट' म्हणजे पट्टीवर दाखव. 'इफ' आणि 'देन' म्हणजे जर आणि तर. 'गोटू' म्हणजे अमुक ओळीवर जा. 'फॉर' आणि 'नेक्स्ट' म्हणजे ठरलेल्या वेळा पुन्हा पुन्हा कर. 'इंट' म्हणजे अपूर्णांक टाकून पूर्णांक ठेव. असे वीस-पंचवीस शब्द आले की काम भागते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याने भ्यावे असे त्यात काही नाही.

प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा असतो. यंत्र लहान क्रमांकाकडून मोठ्याकडे जाते. क्रमांक १०, २०, ३० असे सोडून सोडून देण्याची रीत आहे. मध्ये एखादी ओळ घालावीशी वाटली तर जागा असावी, हे त्यामागील शहाणपण. पेरणीत पाळीसाठी अंतर सोडतात, तसेच हे. यंत्रात शून्यापासून नऊपर्यंत दहा स्वतंत्र जागा आहेत. प्रत्येकीत एकेक आज्ञावली ठेवता येते. लिहिण्यासाठी एक अवस्था आणि चालविण्यासाठी दुसरी. लिहिण्याच्या अवस्थेत गेले की किती पायऱ्या शिल्लक आहेत तो आकडा कोपऱ्यात दिसत राहतो. महिनाअखेरीस पाकिटाकडे पाहावे तसे त्या आकड्याकडे लक्ष जाते. साहजिकच एकही अक्षर वाया घालवावेसे वाटत नाही.

आपण 'प्रिंट' मधील एखादे अक्षर गाळले, तर यंत्र थांबते आणि चुकीचा प्रकार, आज्ञावलीची जागा व ओळीचा क्रमांक एवढेच दाखविते. प्रकार दुसरा असेल तर लिहिण्यात चूक, तिसरा असेल तर शून्याने भागण्यासारखी गणिती चूक, चौथा असेल तर नसलेल्या ओळीवर जायला सांगितले. यंत्र रागावत नाही, हसत नाही, आणि चूक दुरुस्त करूनही देत नाही. ती ओळ उघडून आपणच शोधायचे.

सातबाऱ्याचा हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. यंत्रात आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात. येथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत.

आपल्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये लिहिलेले असते. बोलताना मात्र बोरीतच काय, जिंतूर तालुक्यात कोठेही गेलात तरी एकर आणि गुंठेच ऐकू येतात. कागदाची भाषा एक आणि बांधावरची दुसरी. एका हेक्टरचे १०० आर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एका एकराचे ४० गुंठे, आणि तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १०१.१७ चौरस मीटर. एवढे माहीत असले की आज्ञावली अशी होते :

१० इनपुट एच, आर
२० जी = (एच × १०० + आर) × १०० ÷ १०१.१७
३० जी = इंट (जी + ०.५)
४० ए = इंट (जी ÷ ४०)
५० जी = जी − ए × ४०
६० प्रिंट ए, जी

पहिल्या ओळीत यंत्र हेक्टर आणि आर विचारते. दुसरीत सर्व क्षेत्राचे चौरस मीटर करून त्याचे गुंठे काढते. तिसरीत जवळच्या पूर्ण गुंठ्याला आणते. चौथीत त्यात पूर्ण एकर किती ते पाहते, पाचवीत उरलेले गुंठे ठेवते आणि सहावीत उत्तर दाखविते. १ हेक्टर २० आर दिले तर उत्तर येते २ एकर ३९ गुंठे.

यात तिसऱ्या ओळीची जागा महत्त्वाची आहे. ती उचलून पाचव्या ओळीच्या नंतर ठेवली तर काय होईल? ४० आर क्षेत्र देऊन पाहा. त्याचे ३९.५४ गुंठे होतात. एकर आधी काढले तर ते शून्य येतात, आणि मग गुंठे पूर्ण केले की उत्तर दिसते, "० एकर ४० गुंठे". चाळीस गुंठ्यांना कोणी शून्य एकर म्हणत नाही. आधी गुंठे पूर्ण करून मग एकर काढले, तर बरोबर १ एकर ० गुंठे येतात. आकडेमोड तीच, फक्त ओळींचा क्रम वेगळा. आपण मनात हिशेब करतो तेव्हा असा क्रम नकळत पाळतो. यंत्राला तो सांगावा लागतो, आणि सांगता सांगता आपल्यालाच तो प्रथम दिसतो. (हे उत्तर अंदाजापुरते आहे, हे सांगावयास नकोच. बांधाच्या भांडणात अर्ध्या गुंठ्यालाही किंमत असते!)

शेकडा तीन

दुसरे उदाहरण व्याजाचे. खेड्यात हातउसने पैसे घेताना "शेकडा दोन", "शेकडा तीन" असे शब्द सहज कानांवर पडतात. शेकडा तीन म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला तीन रुपये. ऐकायला किती किरकोळ वाटते! थकलेले व्याज दरमहा मुद्दलात मिळविले, तर रक्कम किती महिन्यांत दुप्पट होईल, हे विचारणारी आज्ञावली सात ओळींची आहे :

१० इनपुट एम, व्ही
२० डी = एम × २
३० एन = ०
४० एम = एम + एम × व्ही ÷ १००
५० एन = एन + १
६० इफ एम < डी देन ४०
७० प्रिंट एन

एम म्हणजे मुद्दल, व्ही म्हणजे व्याजाचा दर, डी म्हणजे दुप्पट रक्कम आणि एन म्हणजे महिने. साठाव्या ओळीत सारा जीव आहे. रक्कम अजून दुप्पट झाली नसेल तर पुन्हा चाळिसाव्या ओळीवर जा, असे ती सांगते. यंत्र चाळीस, पन्नास, साठ या तीन ओळींत फिरत राहते. बैल मोटेच्या धावेवर मागेपुढे होत असे, तसे. या आज्ञावलीला साठाच्या आत पायऱ्या लागतात.

दहा हजार रुपये आणि शेकडा तीन दिले की यंत्र क्षणभर विचार करते आणि २४ हा आकडा दाखविते. दोन वर्षांत दहा हजारांचे वीस हजार तीनशे अठ्ठावीस. शेकडा दोनने पस्तिसाव्या महिन्यात रक्कम दुप्पट होण्यास रुपया-दीड रुपया कमी पडतो आणि छत्तिसाव्यात ती ओलांडते. शेकडा पाचने पंधरा महिने पुरतात. शेकडा एक असेल तर मात्र ७० महिने लागतात. दर पाचपट झाला की मुदत जवळजवळ पाचपटीने घटते, हे तेव्हा ध्यानात येते.

आता चाळिसावी ओळ बदलून अशी लिहू :

४० एम = एम + डी × व्ही ÷ २००

डी ही मूळ रकमेची दुप्पट असल्याने तिला दोनशेने भागले म्हणजे व्याज मूळ मुद्दलावरच धरले जाते. हे झाले सरळ व्याज. आता शेकडा तीनने ३४ महिने लागतात, शेकडा दोनने ५०. चक्रवाढ आणि सरळ व्याज यांत दहा ते चौदा महिन्यांचा जो फरक पडतो तो या एका ओळीत आहे. शाळेत चक्रवाढ व्याजाचे सूत्र मी पाठ केले होते आणि परीक्षेत गुणही मिळविले होते. पण ते व्याज महिन्यामागून महिना कसे चढत जाते, हे या फेऱ्यांकडे पाहताना उमगले.

एके रात्री ओसरीवर बसून मी हे वडिलांना दाखविले. ते चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी यंत्र हातात घेतले, २४ हा आकडा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ह्याला व्याज कळतंय, ते खरं. पण शेकडा तीन कुणी ठरविलं, ते कळतंय का ह्याला?" या प्रश्नाचे उत्तर यंत्राजवळ नव्हते, अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातही मला ते एका ओळीत सापडले नाही. पण प्रश्न नेमका होता. दहाव्या ओळीत यंत्र जो आकडा बाहेरून मागते, तो यंत्राचा नसतो. तो कोणीतरी माणूस ठरवितो. हिशेब कोठे संपतो आणि माणसाची मर्जी कोठे सुरू होते, ती सीमा त्या 'इनपुट' शब्दावर आहे. वडिलांनी ती पहिल्याच दिवशी ओळखली.

लघु-गुरू

हिशेबापुरतेच हे यंत्र आहे असे कोणी समजू नये. मराठीच्या तासाला आपण अक्षरगणवृत्ते शिकतो. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन अक्षरांचा एक गण, आणि असे गण आठच. आठच का? कारण तीन जागा, आणि प्रत्येक जागी लघू किंवा गुरू हे दोनच पर्याय. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या अशा सर्व मांडण्या क्रमाने लिहून काढण्याची रीत दिलेली आहे. तिला प्रस्तार म्हणतात. संगणकाचे सारे काम शून्य आणि एक या दोन खुणांवर चालते हे आपण ऐकतो. आपल्या छंदांचे कामही दोन खुणांवरच चालत आले आहे!

लघूला शून्य आणि गुरूला एक मानून, तीन जागांना अनुक्रमे चार, दोन, एक अशी किंमत द्या. मग प्रत्येक गणाला आपोआप एक अंक मिळतो : न शून्य, स एक, ज दोन, य तीन, भ चार, र पाच, त सहा, म सात. एकही अंक दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. यावरून मी एक आज्ञावली लिहिली आहे. काव्यपंक्तीचे लघु-गुरू एक आणि दोन या अंकांनी टंकायचे. यंत्र अक्षरे मोजते, मात्रांची बेरीज करते आणि तीन-तीन अक्षरांचा गण सांगते. भुजंगप्रयाताचे बारा अंक दिले की चार वेळा य, आणि मात्रा वीस. गंमत अशी की भुजंगप्रयाताच्या चरणाची अक्षरे बाराच, आणि यंत्राच्या पट्टीवर मावतातही बाराच. पुरा चरण तीत नेमका बसतो. मंदाक्रांतेची सतरा अक्षरे मात्र सरकत सरकत वाचावी लागतात. त्यांच्या मात्रा सत्तावीस.

कोणते अक्षर लघू आणि कोणते गुरू, हे अर्थात आपणच ठरवायचे. जोडाक्षरापूर्वीच्या अक्षरावर आघात येतो की नाही हे कानानेच ऐकावे लागते. तेथे यंत्राचा उपयोग नाही.

भाषेचा प्रश्न आणि सिंप्युटर

या यंत्राची एक मोठी उणीव सांगितली पाहिजे. त्याला देवनागरी येत नाही. 'गुंठे' हा शब्द त्याच्या पट्टीवर लिहिता येत नाही. ज्याला रोमन अक्षरे येत नाहीत त्याला ते मुकेच. त्याच १९८० च्या दशकात भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम आपल्या देशात सुरू होते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने 'जिस्ट' तंत्राद्वारे ते पुढे नेले. पण ते मेजावरच्या संगणकांसाठी होते. खेड्यातील माणसाच्या हातात मावेल आणि त्याच्या भाषेत बोलेल असे यंत्र करण्याचा धाडसी प्रयत्न पुढे बंगळूरला झाला. त्याचे नाव सिंप्युटर. साधा, स्वस्त आणि बहुभाषी संगणक, असा त्या नावाचा आशय.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीचे विनय देशपांडे प्रभृतींनी त्यासाठी एक विश्वस्त संस्था स्थापन केली. २००१ मध्ये त्याचा पहिला नमुना जगापुढे आला. सुमारे नऊ हजार रुपयांत ते द्यावे असा संकल्प होता. पण खेड्यातील एका कुटुंबाला तेवढेही परवडणार नाही हे ओळखून त्यांनी एक युक्ती योजली. यंत्र गावाचे एकच, आणि प्रत्येकाजवळ स्वतःचे एक लहान स्मार्ट कार्ड. आपले कार्ड घातले की यंत्र तेवढ्यापुरते आपले. वाचता न येणाऱ्यासाठी चित्रांच्या खुणा होत्या आणि मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखविण्याचीही सोय योजली होती. अमेरिकन लेखक ब्रूस स्टर्लिंग यांनी न्यू यॉर्क टाइम्सच्या मासिकात २००१ सालच्या संगणकविषयक नव्या गोष्टींत त्याला अग्रस्थान दिले. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीच्या सहकार्याने 'अमिडा' नावाचा सिंप्युटर बाजारात आला. किंमत मात्र दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत गेली. खप काही हजारांपलीकडे गेला नाही, आणि थोड्याच वर्षांत स्वस्त मोबाईल फोनच्या लाटेत ते नाव विस्मृतीत गेले.

म्हणजे पीबी-१०० बंद पडले आणि सिंप्युटरही बंद पडला. पण दोघांमागील विचार अगदी भिन्न होते. पीबी-१०० सांगत होते : माझी भाषा शिका, मग मला हवे ते करायला लावा. सिंप्युटर सांगत होता : तुम्ही काही शिकू नका, मीच तुमची भाषा शिकतो. दुसरा विचार अधिक मायेचा आहे यात शंका नाही, आणि आज आपल्या खिशातील मोबाईलने तो बराचसा पुराही केला आहे. मोबाईल मराठी लिहितो, वाचतो, बोलतोही. असे असताना पहिल्या विचाराची गरज उरली आहे काय?

मग मोबाईल का नको?

मैत्रिणी मला हेच विचारतात. हेक्टरचे एकर मोबाईल करतो, व्याज मोबाईल काढतो. हल्ली तर कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत विचारले की आज्ञावलीच लिहून मिळते. मोबाईलवर पायथॉनसारखी भाषाही शिकता येते, आणि ती बेसिकपेक्षा कितीतरी समर्थ आहे. हे सारे खरे आहे. मोबाईल टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. मीही तो वापरतेच.

तरीही एक फरक राहतो. मोबाईल उत्तर देतो; ते कोणत्या नियमाने काढले ते आपल्याला दिसत नाही. पीबी-१०० मध्ये 'लिस्ट' हा शब्द टंकला की आज्ञावली ओळीओळीने पट्टीवरून सरकू लागते. लपलेले असे काही राहत नाही, आणि बदलता येणार नाही अशी एकही ओळ नसते. आमच्या घरात आजवर हिशेब म्हणजे दुसऱ्याने सांगायचा आणि आपण मान डोलवायची, अशी रीत होती. मोजणी झाली, व्याज झाले, माल विकल्याची पट्टी झाली, कागद दुसऱ्याच्या हातचा आणि खाली अंगठा किंवा सही आपली. कागदावर काय लिहिले ते वाचता येणे ही शिक्षणाची पहिली पायरी. तो आकडा कोणत्या नियमाने आला हे विचारता येणे ही दुसरी. आणि तो नियम स्वतःच्या हाताने लिहून, एक ओळ बदलून, काय होते ते पाहता येणे ही तिसरी. या तिसऱ्या पायरीवर मला या यंत्राने नेले.

ते लहान आहे म्हणूनच हे घडले, असे मला वाटते. त्यात खेळ नाहीत, संदेश नाहीत, कोणाची छायाचित्रे नाहीत. सुरू केले की पट्टीवर 'रेडी' म्हणजे 'तयार आहे' एवढाच शब्द येतो आणि त्यापुढे ते गप्प बसते. पुढचा शब्द आपण उच्चारल्याखेरीज काही घडत नाही. ५४४ पायऱ्यांत बसवायचे म्हणून विचार आटवावा लागतो. दुधाचा खवा करावा तसा. वहीत पाच वेळा खोडून सहाव्यांदा ओळ नीट उतरते, तेव्हा होणारा आनंद चांगली कविता समजल्याच्या आनंदाहून फारसा निराळा नसतो.

ज्यांच्याजवळ असे यंत्र नाही त्यांनी हळहळू नये. आपल्या ओळखीत, विशेषतः मोजणी, बांधकाम वा पाटबंधारे यांतून निवृत्त झालेल्या वडीलधाऱ्यांकडे, एखादे पडून आहे का याची चौकशी करावी. सेल बदलले तर ते चालू होण्याची बरीच शक्यता असते. तेही न मिळाले तर वही आणि पेन पुरेसे आहे. घरातील एखादा नेहमीचा हिशेब घ्यावा. दुधाचा रतीब, बचत गटाचा हप्ता, नाही तर एस. टी. च्या मासिक पासाचा फायदा-तोटा. तो ज्याला काहीच ठाऊक नाही अशा कोणास सांगावयाचा आहे असे समजून, एका ओळीत एकच गोष्ट, या बेताने लिहावा. ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक द्यावेत. 'जर' आणि 'तर' कोठे येतात ते पाहावे. आणि जो आकडा बाहेरून आणावा लागतो त्याच्याखाली एक रेघ ओढून ठेवावी. तो आकडा कोणी ठरविला, हे विचारण्यासाठी.